जुईची छाटणी

माघात जुई छाटली की पावसाळ्यात दुप्पट बहर येतो, असं नर्सरीवाल्याने सांगितलं आणि मधुसूदनरावांनी कात्री हातात घेतली. बायको इस्पितळातून बरी होऊन येईल, तेव्हा तिची वेल नीट दिसायला हवी होती. दोन दिवस खपून त्यांनी मांडवावरचा सगळा गुंता उतरवला. उरली गुडघ्याएवढी खुंटं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. "घरी घेऊन जा. फार तर दोन महिने." नलिनीला हे सांगायचं नाही, असं त्यांनी रिक्षातच ठरवलं.

घरी आल्यावर तिने खाट खिडकीशी लावून घेतली. रिकाम्या मांडवाकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"आता कधी फुलेल हो?"

"आषाढात," ते म्हणाले, पण त्यांना राहवलं नाही. "अगं, मला ठाऊक असतं तर हात लावला नसता. चार हिरवी पानं तरी दिसली असती तुला."

ती काय ते समजली.

"छान छाटलीत," तिने त्यांचा हात धरला. "मला कधी एवढा धीर झाला नाही."

चैत्रात ती गेली. चारचौघांत मधुसूदनराव रडले नाहीत.

आषाढात मांडव पांढराशुभ्र झाला. शेजारची सून परडी घेऊन आली. "काका, काकू होत्या तेव्हासुद्धा एवढी फुलली नव्हती."

त्यांनी तिची परडी काठोकाठ भरून दिली. ती फाटकाबाहेर गेली, तसे ते मांडवाखालीच बसले आणि लहान मुलासारखे रडले.