पाचव्या पानावर

"माझं पान हरवलंय," खुर्चीत टेकता टेकताच बाई म्हणाल्या. "म्हणजे आहे, पण कुणाला दिसत नाही. तुम्ही लोकांच्या वेबसाइट वर आणता म्हणे."

"आणतो ना, काकू," तो म्हणाला. कुणी काही शोधलं की आपल्या गिऱ्हाइकाचं नाव पहिल्या पानावर आलं पाहिजे, हे त्याचं काम. सहा वर्षं तो हेच करत होता आणि त्यात त्याचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं. "कशाचं पान आहे?"

बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी पिशवीतून एक वही काढली, उघडून त्याच्यासमोर सरकवली. "या हॉस्पिटलचं नाव टाकून बघा."

नाव वाचून कीबोर्डवरचा त्याचा हात थबकला. ते हॉस्पिटल कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. काम त्याच्याकडेच होतं.

"माझी मुलगी तिथे बाळंतपणाला गेली होती," बाई सांगू लागल्या. फळ्यावर उदाहरण मांडावं तसा आवाज. "सकाळी पावणेसातला अंगावरून रक्त जायला लागलं. डॉक्टर आले अकराला. तोपर्यंत रक्त मागवलेलंसुद्धा नव्हतं. बाळ वाचलं, ती गेली. मी तेवढंच लिहिलंय. कुणाला शिवी नाही की शाप नाही. तारखा, वेळा आणि तिच्या केसपेपरचे फोटो."

त्याला ते पान माहीत होतं. हॉस्पिटलला नको असलेलं काय खाली ढकलायचंय हे बघायला त्याने ते एकदा उघडलं होतं. अर्धं वाचून बंद केलं होतं.

"ते वाचून अकरा जणींनी मला फोन केले. सगळ्यांचे दिवस भरत आलेले. काय करू, विचारायच्या. मी म्हणायचे, बाळा, दुसरीकडे जा. गेले पाच महिने एकही फोन नाही."

वहीत रोजची नोंद होती. बाई रोज सकाळी हॉस्पिटलचं नाव टाकून आपलं पान कितव्या नंबरला येतं ते लिहून ठेवत होत्या. जानेवारीत दोन. नऊ फेब्रुवारीला सात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात चौदा. मग एकवीस, तेहेतीस, अठ्ठेचाळीस. जानेवारीच्या शेवटी त्याने हॉस्पिटलसाठी 'गरोदरपणात काय खावं' ही लेखमाला सुरू केली होती. मार्चमध्ये हसऱ्या आयांचे फोटो आणि त्यांचे अनुभव चाळीस वेबसाइटींवर पेरले होते, म्हणजे शोधणाऱ्याला तेच आधी दिसावेत. बाईंचं पान पाचव्या पानावर गेलं त्या दिवशी मालकांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती. त्याचं इतक्या महिन्यांचं काम बाईंच्या वळणदार अक्षरात ओळीने उतरलं होतं.

"यात माझं काय चुकलं तेवढं सांगा," बाई म्हणाल्या. "काहीतरी चुकलंच असणार. उगीच कुणी एवढं मागे पडत नाही."

काचेच्या केबिनमधून मालकांनी बोटाने खूण केली. तो उठून आत गेला.

"ही तीच ना? ते पान लिहिणारी?"

"हो, सर."

"काम घ्यायचं नाही. पण सरळ नाही म्हणू नकोस, दुसऱ्या कुणाकडे जाईल. गोड बोल, चार सुधारणा सांग. महिनाभर त्यातच गुंतून राहील."

"सर, तिची मुलगी..."

"माहितीये मला. मी काय दगड आहे? पण तुझी खुर्ची कुणाच्या जिवावर टिकलीये, तेही माहितीये."

केबिनपासून टेबलापर्यंत दहा-बारा पावलं होती. तेवढ्यात त्याने ठरवलं, खरं काय ते सांगून टाकायचं. बाईंनी चष्मा चढवला होता. नव्या पानावर तारीख घालून, पेन उघडून त्या त्याचीच वाट बघत होत्या. तो बसला आणि त्याने बाईंचं पान स्क्रीनवर उघडलं.

"फोटो फार जड आहेत," तो म्हणाला. "पान उघडायला वेळ लागतो. लहान करा."

बाईंनी लिहून घेतलं.

"परिच्छेद मोठे आहेत, तोडा. आणि मजकूर जुना झालाय. अधूनमधून नवं काहीतरी घालत जा."

"नवं काय घालू?"

तो माऊस हलवत राहिला. बाईंनी 'नवं काहीतरी' एवढंच लिहून घेतलं.

"अजून?"

"शीर्षक." त्याने नजर स्क्रीनवरच ठेवली. "शीर्षकात तुम्ही मुलीचं नाव दिलंय. त्या नावाने कुणी शोधत नाही, काकू. ती जागा फुकट जाते."

मघापासून त्याने सांगितलेल्यात एवढंच खरं होतं.

बाईंनी पिशवीतून त्या पानाची छापलेली प्रत काढून टेबलावर पसरली. वरच्या ओळीतल्या नावाखाली त्यांनी बोट ठेवलं.

"काढलं तर वर येईल?"

"फरक पडतो," तो म्हणाला.

बाईंनी मुलीच्या नावावर रेघ मारली. पट्टी न लावताही ती सरळ आली.

"हं," त्या म्हणाल्या. "पुढे?"