सातव्या पानावरचं अक्षर

वर्तकनगरच्या डीटीपी सेंटरमध्ये फेलिशिया भर दुपारी अक्षरं निवडायला बसली होती. बाळकुमला ती घरी केक करून विकायची. नाताळाआधी खोक्यांवर चिकटवायला तिला लेबलं हवी होती. "छापील नको हां, हातानं लिहिल्यासारखं पायजे," तिनं दोनदा बजावलं.

सेंटरवाल्या दळवींनी नमुन्यांची फाईल पुढ्यात सरकवली. पानापानावर वेगळ्या वळणाची एकेक ओळ होती. सातव्या पानावर फेलिशियाचा हात थबकला.

ते तिचंच अक्षर होतं. लहानपणी बोट मोडल्यापासून तिच्या 'म'ची गाठ उघडी राहायची, तीसुद्धा तशीच उघडी होती. ओळ होती, 'मी पुढे जाते, मॉरिस वाट बघत असेल.'

मॉरिस तिचा नवरा.

"हे कोणी लिवलं?"

"लिहिलंय कुठे मॅडम, कॉम्प्युटरमधलं आहे सगळं," दळवी हसले. "मस्त आहे ना? हेच घ्या."

आपण हो कधी म्हटलं, ते तिला नंतर काही केल्या आठवेना.

ती बाळकुमच्या गल्लीत शिरली तेव्हा ऊन मऊ, पिवळं झालं होतं आणि तिच्या घरातून केकचा वास येत होता. मॉरिसला तर साधा चहाही जमत नसे.

दार आतून बंद होतं. तिनं कडी वाजवली.

"कोण हाय?" मॉरिसनं विचारलं. मग तो आत वळून, लाडानं म्हणाला, "तू नको उठू गो फेलिशिया, हात पिठाचे हायेत तुझे. मी बघतो."