यजमानांचा एक

गोल झाला. तोही चक्क आपल्या पोरांनी केला. गोलांचे आकडे टांगणाऱ्या बोर्डवाल्या काकांनी आधी डोळे चोळले, मग यजमानांची पेटी उघडली. पेटीत 'एक'ची पाटीच नव्हती.

देशाच्या सतरा वर्षांखालील फुटबॉल संघाची कामगिरी काकांना तोंडपाठ होती. त्यात पाठ करण्यासारखं फार काही नव्हतंच म्हणा. या मैदानावरच्या गेल्या एकोणीस सामन्यांत अठरा हार आणि एक बरोबरी, आणि ती बरोबरीसुद्धा पावसाने सामना अर्ध्यावर बंद पाडला म्हणून. पोरांचा गोल एकही नाही. पाहुण्यांच्या पेटीत शून्यापासून नऊपर्यंत आकड्यांच्या जाड लाकडी पाट्या होत्या आणि वापरून वापरून त्यांचा रंग उडाला होता. यजमानांसाठी संघटनेने शून्य आणि एक एवढ्या दोनच पाट्या करून घेतल्या होत्या. उगाच लाकूड कशाला वाया घालवायचं?

तो एक शेवटचा टांगला गेला त्याला दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी पोरं एक-शून्य अशी पुढे गेली आणि उरलेला वेळ चेंडू सोडून बोर्डाकडेच बघत राहिली. सामना एक-सहा असा संपला. त्यानंतर ती पाटी काकांनी घरी नेली. तिचं तिथे काम निघालं होतं.

काकांनी घाईघाईने बायकोला फोन लावला.

"अगं, ती आपली पाटी घेऊन ये. ताबडतोब."

"कुठली? मशीनखालची?"

"तीच."

"कशी आणू? मशीन चालू आहे. पाटी काढली की ते न्हाणीघरभर नाचत सुटतं, म्हणून तर तुम्ही ती खाली सारलीत. आणि पाण्याने भरलेलं धूड मी एकटी उचलू होय?"

"किती वेळ राहिलाय त्याचा?"

"सदतीस मिनिटं दाखवतंय." मग ती म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात, हिचं आता मैदानावर काही काम नाही."

सामनाही सदतीस मिनिटंच उरला होता. बोर्डावर शून्य-एक दिसत होतं, कारण पाहुण्यांनी नवव्या मिनिटालाच गोल केला होता आणि त्यांचा एक तिकडे टांगलेला होता. तो इकडे आणावा तर तिकडे भोक पडणार. खाली मांडवात संघटनेचे सेक्रेटरीसाहेब बसले होते. त्यांनी मागच्याच महिन्यात बजावलं होतं, "काका, एक चूक दिसली की विजेचा बोर्ड आलाच म्हणून समजा." बावीस वर्षं एकही आकडा चुकला नव्हता. त्या नोकरीवर आता एक वॉशिंग मशीन पाय देऊन उभं होतं.

काकांनी हजेरीच्या वहीचा कागद फाडला, पेनाने गिरवून गिरवून त्यावर एक काढला आणि शून्यावर चिकटवला. मैदानातून जोरात टाळ्या आल्या. दुसऱ्याच क्षणी वारा आला आणि तो एक गिरक्या घेत पाहुण्यांच्या गोलकीपरच्या पायाशी जाऊन पडला. बोर्डावर पुन्हा शून्य.

संघाचा कप्तान धावता धावता थांबला. "काका! लावलेला का काढलात?"

काकांनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं आणि पेटीत डोकं घातलं.

"म्हणजे यांनासुद्धा खरं वाटत नाहीये," कप्तान बाकीच्यांना म्हणाला. "थांबा, त्यांना लावायलाच लागेल असा अजून एक करून दाखवू."

मग जे सुरू झालं ते काकांनी बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पोरं चवताळली. हरायच्या वेळी ज्यांच्या पायांत गोळे येत, ते दोन-दोन माणसांना चुकवून जाऊ लागले. दर वेळी बोर्डाखालून जाताना काकांकडे असं बघत, की काका अंग चोरून उभे राहत. पाहुण्यांना काही कळेना, आपण कुणाचं काय घोडं मारलंय. आणि सामना संपायला मिनिटभर असताना कप्तानाने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला आणि थेट बोर्डाकडे बोट केलं.

काकांनी पाहुण्यांच्या पेटीतला दोन उचलला, यजमानांच्या खिळ्यावर टांगला, आणि शिट्टी वाजली. दोन-एक. काकांना रडू आलं. पाहुण्यांच्या पेटीतून पोरांच्या बाजूला आकडा न्यावा लागेल असं त्यांना जन्मात वाटलं नव्हतं.

पण आनंद वेगळा आणि सेक्रेटरी वेगळे. ते शिडीखाली येऊन उभे राहिले. शेजारी संघाचे प्रशिक्षक होते. काका खाली उतरले आणि विचारायच्या आतच सगळं ओकून मोकळे झाले: पाटी, मशीन, कपडे, सदतीस मिनिटं.

"छत्तीस मिनिटं बोर्ड चुकीचा होता," सेक्रेटरी म्हणाले. "उद्याच विजेचा बोर्ड मागवतो."

"मुळीच मागवायचा नाही," प्रशिक्षक म्हणाले. "आकडा दिसला की आमच्या पोरांची नजर तिथेच चिकटते. दोन वर्षं मी घसा कोरडा करतोय, बोर्डाकडे बघू नका म्हणून. आज बघायला काही नव्हतंच."

मग ते काकांकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "काका, पुढचा सामना रविवारी चारला आहे. काकूंना सांगा, पावणेपाचला मशीन लावा."