हरकत असल्यास

"कलेचा पुरावा जोडलेला नाही." वृद्ध कलावंत मानधनाच्या अर्जावर अमरावतीच्या ऑफिसातून आलेला हा एका ओळीचा कागद डोमाजींनी रागिणीसमोर धरला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. मोझरीपासून कौंडण्यपूरपर्यंत एक यात्रा अशी नाही जिथं यांची ढोलकी वाजली नाही. भीमजयंतीची मिरवणूक यांच्या गायन पार्टीशिवाय जागची हलायची नाही. आता बोटं वाकडी झाली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि एसीत बसलेला कोणीतरी टिकोजी म्हणतो, पुरावा नाही. थू त्याच्या खुर्चीवर!

"काका, कागद जोडले होते ना तुमी?"

"जोडले म्हंजे? पेटी रिकामी केली न वं बाई. यात्रेची छापील पत्रिका, शालीसंगचं सर्टिफिकेट, सारं. खुशालभाऊनंच नेलं अमरावतीले. मले कुठी फारम भरता येते?"

खुशालराव म्हणजे रागिणीचे वडील. बासष्ट वर्षांचे, स्वतःच्या शेतीपेक्षा दुसऱ्याच्या कामात जास्त रमणारे. कोणाचं रेशनकार्ड अडलं, कोणाचा सातबारा चुकला, की लोक त्यांच्याच ओट्यावर येत. डोमाजींची ढोलकीही मागं त्यांनीच नेली होती, अमरावतीहून कातड्याची पुडी बदलून आणतो म्हणून. दुकान बंद निघालं, तशीच आणून दिली.

"हलकट आहेत साले," सुपारी कातरता कातरता खुशालराव म्हणाले. "गरिबाचे कागद गायब करतात, अन् तोंड पाहून कलावंत ठरवतात. घिन येते मले तर."

"मी माहितीचा अधिकार टाकते बाबा," रागिणी म्हणाली. मोझरीच्या शाळेत ती मराठी शिकवायची. अर्ज लिहिणं तिच्या हातचा मळ. "पाहू तरी, कोणाकोणाले कलावंत केलं त्यायनं."

"टाक न. पण नावं काहून मागतं? लोकायचं वैर कशाले घ्या? किती अर्ज आले, किती मंजूर झाले, तेवढंच इचार."

रागिणीनं ऐकलं नाही. नावंच मागितली. खुशालराव हसले, पोरीच्या पाठीवर थाप मारली. "माह्यीच पोरगी तू. दे, मी उद्या चाललोच अमरावतीले."

कायद्यात उत्तराला तीस दिवस. साठ झाले तरी ऑफिसचा हूं नाही की चूं नाही. इकडे डोमाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या मानधनाच्या भरवशावर थांबलेलं. एका डोळ्यानं तर दिसणंच बंद झालं होतं. शेवटी रागिणीनं शाळेला सुट्टी टाकली आणि स्वतः अमरावती गाठली.

"असा अर्जच आला नाही मॅडम," बाबू म्हणाला, आणि त्यानं आवक रजिस्टर तिच्यापुढं ढकललं. पानापानावर बोट फिरवलं तिनं. नव्हताच. खोटारडे, पानसुद्धा बदललं असेल, ती मनात म्हणाली.

"अन् तुमच्या गावचा एक जण झाला न मंजूर," बाबू जांभई देत म्हणाला. "ढोलकीवाला."

"आमच्या गावात ढोलकीवाला एकच आहे. तुमी त्याले नापास केलं."

"मग दुसरा असंल."

"नाव सांगा."

"तसं नाही सांगता येत. फाइल मागा. आमी त्या माणसाले रजिस्टर पोस्टानं इचारू, तुमची माहिती देऊ का म्हणून. त्यानं हरकत घेतली तर पाहू."

म्हणजे चोराला विचारायचं, बाबा रे, तुला पकडू का! रागिणीनं पर्समधून पेन काढलं. तिथंच टेबलावर नवा अर्ज लिहिला, दहा रुपयांचं तिकीट डकवलं, पोच घेतल्याशिवाय हलली नाही.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. खुशालरावांचा अडकित्ता थांबला.

"पत्र पाठवतात म्हंते? त्या माणसाच्या घरी?"

"हो. रजिस्टर पोस्टानं."

"तो गजेंद्र असंल," ते म्हणाले. "डीजे वाजवते न त्याचा भाऊ. घातली असंल ढोलकी गळ्यात फोटोपुरती."

रागिणीलाही पटलं. गजेंद्र पंचायतीचा मेंबर, कुठंही तोंड घालणारा. त्या दिवसापासून तो समोर आला की ती रस्त्यावर थुंकायची.

खुशालरावांनी मात्र हे प्रकरण फारच मनावर घेतलं. रोज अकराच्या ठोक्याला ते पोस्टाच्या दारात. काही आलं का, काही आलं का, म्हणून पोस्टमनचं डोकं खायचे. पोरीच्या लढाईची बापालाच जास्त तळमळ, असं डोमाजी चारचौघांत सांगत. "असा माणूस भेटाले भाग्य लागते," म्हणत.

शनिवारी पोस्टमन नऊलाच आला. दुपारी त्याच्या साळ्याचं लग्न होतं. रागिणीची शाळा अजून भरायची होती, डोमाजी ओट्यावर चहा पीत बसले होते, खुशालराव न्हाणीत होते.

ऑफिसचा शिक्का पाहून रागिणीनं सही ठोकली आणि घाईघाईनं पाकीट फोडलं.

"आलं काका उत्तर! ऐका." ती मोठ्यानं वाचू लागली. "'अर्जदार कुमारी रागिणी यांनी आपल्या वृद्ध कलावंत मानधन मंजुरीची फाइल, त्यासोबत आपण जोडलेली कौंडण्यपूर यात्रेची पत्रिका व आपले ढोलकीसह छायाचित्र, यांच्या प्रती मागितल्या आहेत. त्या देण्यास आपली हरकत असल्यास दहा दिवसांत कळवावे.'"

डोमाजींनी कप खाली ठेवला. "यात्रेची पत्रिका त माह्यी होती. हे कोणाले लिवलं वं बाई?"

रागिणीनं पाकीट उलटं करून वरचं नाव वाचलं. न्हाणीतलं पाणी थांबलं.

"रागिणी, पोस्टमन आला का वं?" आतून खुशालराव ओरडले. "पाकीट फोडू नको, माह्या नावाचं असंल!"