चिडीचूप

हेडमास्तरांची चाहूल लागली की शाळा चिडीचूप व्हायची, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! निवृत्तीनंतर हौसेने ते डोंगरातल्या जंगलात निसर्ग शिबिराला गेले, तर तिथेही तेच. ते पायवाटेवर आले की पाखरं गप्प.

"बघा, काय शिस्त आहे!" ते म्हणाले.

"शिस्त कसली सर, भीती आहे ती," शिबिरात शिकवणारी मुलगी हसली. "एका जागी बसा. हलू नका, बोलू नका. रान आपणहून पुन्हा बोलायला लागलं की समजायचं, त्यानं आपल्याला आपलं मानलं."

पहिल्या दिवशी रान तासभर बोललं नाही. सहाव्या दिवशी मात्र धुक्यात ते झाडाला टेकून झाडासारखेच बसले होते, तेव्हा एक इवलासा पक्षी त्यांच्या बुटावर येऊन बसला आणि शेपटी नाचवत गात राहिला.

सातव्या दिवशी दुपारी ते घरी पोचले. आत बायको आणि सून कशावरून तरी खिदळत होत्या, नात बाहुलीला गोष्ट सांगत होती. त्यांनी दार लोटलं आणि घर चिडीचूप झालं.

मास्तर थबकले. मग बूटही न काढता दाराशीच खाली बसले. हलले नाहीत, बोलले नाहीत.

बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरात एक भांडं वाजलं. मग दबकं हसू ऐकू आलं. मग नात बाहुली घेऊन आली, त्यांच्या बुटाला टेकून बसली आणि राहिलेली गोष्ट पुढे सांगू लागली.

गाल ओले झाले होते, पण मास्तरांनी हात हलवला नाही.