भिंतीवरची वीतभर फट

लाइट गेली, तशा चंद्रभागाबाई शेवंतीची टोपली ओढत भिंतीपाशी सरकल्या. हार ओवायला त्यांना उजेड लागत नसे. बोटांना सवय होती. कान तेवढे भिंतीकडे लावून त्या बसल्या.

पलीकडून काहीच आलं नाही. कालही आलं नव्हतं. परवाही नाही.

सातपूरच्या त्या खोल्यांच्या रांगेत दोन बिऱ्हाडांमधली भिंत पत्र्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. वर वीतभर फट होती. एरवी टीव्हीच्या आवाजात त्या फटीचं काही वाटायचं नाही. पण भारनियमन सुरू झालं, ऐन सीरियलच्या वेळेला लाइट जायला लागली, आणि चंद्रभागाबाईंना दुसरीच मालिका सापडली. पलीकडची रूपाली रोज त्या वेळी नवऱ्याला आणि लेकीला घेऊन प्रार्थना करायची. ख्रिस्ती माणसं ती. एकेकाचं नाव घेऊन रूपाली देवाशी बोलायची, गावाला निघालेल्या माणसाजवळ निरोप द्यावेत तशी.

आधी चर्चच्या पाळकांची शुगर. मग ओझरची मावशी, तिच्या सुनेला दिवस गेलेले. मग सहादूमामाचा गुडघा. मग शमुवेलचा हात. शमुवेल म्हणजे तिचा नवरा. कारखान्यात त्याची दोन बोटं प्रेसखाली गेली होती आणि बोटांमागोमाग नोकरीही.

मावशीच्या सुनेला काय झालं, हे कळेपर्यंत चंद्रभागाबाईंना चैन नव्हतं. मुलगा झाला तेव्हा त्यांनी एकटीनेच साखर खाल्ली. गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नाही, यावर त्यांचं स्वतःचं मत होतं. समोरासमोर मात्र त्या रूपालीशी फटकूनच वागत. नळावर तिला 'येशूवाली' म्हणत.

एका संध्याकाळी सगळ्यात शेवटी त्यांना स्वतःचंच घर ऐकू आलं. रूपाली म्हणत होती, भिंतीपलीकडच्या काकूंच्या हर्षलला आईला फोन करायची बुद्धी दे, प्रभू.

चंद्रभागाबाईंची सुई थांबली. पोरगा सुरतेला गेल्यापासून दोन दिवाळ्या त्याचा फोन नव्हता. हे त्यांनी रांगेत कुणाला कळू दिलं नव्हतं. दर रविवारी करतो, असंच सांगायच्या. मग हिला कसं कळलं? रागाने त्या उठल्यासुद्धा. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. लाइट गेली की आपण रडतो. फट काही एकाच बाजूने नसते.

तेव्हापासून त्या रोज त्या शेवटच्या वाक्याची वाट बघायच्या. फोन काही आला नाही.

मग शमुवेलला कावीळ झाली. रूपाली दिवसभर सिव्हिलमध्ये असायची. परत येऊन, लेकीला मांडीवर घेऊन डोळे मिटायची, तेव्हाही तिने ना मावशी सोडली, ना गुडघा, ना हर्षल. महिनाभराने शमुवेल गेला. त्याला माती देऊन मायलेकी परत आल्या, त्या संध्याकाळीसुद्धा फटीतून आवाज आला. फाटका होता, पण आला.

हे चंद्रभागाबाईंना समजेना. हात बरा झाला नाही, नोकरी मिळाली नाही, माणूसही गेलं. आता कुठल्या जोरावर मागते ही? दुसऱ्या दिवशी नळावर, चार बायकांसमोर, त्यांनी विचारलंच.

"एवढं रोज मागतीस. काय दिलं गं तुझ्या देवानं?"

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. पण तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्याचा टोमणा झाला होता. रूपालीने कळशी उचलली. अर्धी सांडली. तशीच घेऊन ती गेली. त्या संध्याकाळपासून फट मुकी झाली.

आता पलीकडे रूपालीची दोन वर्षांची लेक, सायली, तेवढी बोलायला लागली. मम्मी, डोळे मिटू? असं पुन्हा पुन्हा विचारत होती.

चंद्रभागाबाईंनी टोपली बाजूला सारली. जाऊन दार वाजवावं, तर पाय उचलेना. त्यांनी डोळे मिटले. हात कसे जोडतात ही माणसं, ते काही भिंतीतून दिसलेलं नव्हतं. हात त्यांनी मांडीवरच ठेवले आणि फटीकडे तोंड करून घसा खाकरला.

"देवा, त्या पाळकांची शुगर उतरव. ओझरच्या मावशीचा नातू सांभाळ. सहादूमामाचा गुडघा बरा कर. लय हिंडतो तो, ऐकत नाय कुणाचं."

पुढच्या नावाशी त्या अडखळल्या. गाळावं म्हटलं, तर गाळवेना.

"शमुवेल आता तुझ्याकडंच हाय. तेवढा त्याचा हात बघ."

त्या भिंतीला आणखी जवळ सरकल्या.

"माझ्या हर्षलचं राहू दे. आजच्याला माझी जीभ पोटात घाल, आणि पलीकडच्या पोरीला बोलू दे."

यानंतरचे शब्द त्यांना पाठ होते. इतक्या संध्याकाळी ऐकलेले. पण ते रूपालीचे होते. आपण कसे म्हणावेत? त्या तिथेच थांबल्या.

लाइट आली. टीव्हीत कुणीतरी कुणावर तरी ओरडायला लागलं. चंद्रभागाबाईंनी उठून टीव्ही बंद केला आणि परत भिंतीला टेकून बसल्या.

बऱ्याच वेळाने फटीतून आवाज आला. घोगरा, हळू.

"आणि काकूंच्या हर्षललाही फोन करायची बुद्धी दे. येशूच्या नावाने मागते. आमेन."