पाडाचा पेरू

खारीने दात लावलेला पेरू हंसाबाईंनी झाडाखालून उचलला आणि सुनेच्या हातात दिला. खार नेमका गोड पेरू हेरते. कुरतडलेला भाग काढून टाकला की झालं. भारती लग्न होऊन आली तेव्हापासून हा रोजचा नेम होता. पेरू तिच्या अंगाला लागावा, कूस उजवावी, एवढीच आशा.

ती आली त्याच वर्षी खारींनी वाडीत कोवळा नारळ म्हणून राहू दिला नव्हता. हंसाबाईंनीच वैतागून खार-नियंत्रण केंद्राला बोलावलं होतं. आज तिथली तपासनीस मुलगी आली होती. भारतीने तिच्यापुढे त्याच पेरूच्या फोडी ठेवल्या.

"काकू, यंदाही वाडीत एक पिल्लू नाही," मुलगी खाता खाता म्हणाली. "लस झकास लागू पडली."

"पण तुम्ही तर दोन-चारच खारींना दिली होती."

"तेवढ्या पुरतात. लाळेतून पसरते ती. एकीने अर्धवट टाकलेलं फळ दुसरीने खाल्लं की तिलाही लागते. मग जन्मात पिल्लू होत नाही."

दारात उभ्या भारतीकडे बघायचं हंसाबाईंना धाडस होईना.

"आणि माणसाने खाल्लं तर?" त्यांनी कसंबसं विचारलं.

मुलगी मोकळेपणाने हसली.

"माणूस कुठे खारीचं उष्टं खातो, काकू?" असं म्हणत तिने शेवटची फोड तोंडात टाकली.